लंडनच्या वेशीवरचे अडसर: १९४० च्या उन्हाळ्यातलं एक प्रकरण

वरवर पाहता रस्ता साधा डांबरी. पण या कडेपासून त्या कडेपर्यंत, आडव्या ओळीत, वीतभराहून जराशा लहान चौकोनी खाचा काँक्रीटमध्ये बसवलेल्या. एरवी त्यांवर झाकणं असायची आणि वरून लॉऱ्या, दुधाच्या गाड्या, सायकली बिनघोर जायच्या. रस्त्याच्या कडेला रेल्वेच्या रुळांचे कापलेले तुकडे रचून ठेवलेले. हुकूम आला की जवळच्या वस्तीतल्या माणसांनी धावत यायचं, झाकणं काढायची आणि एकेक तुकडा उचलून खाचेत उभा रोवायचा. दोन्ही बाजूंना काँक्रीटचे ठोकळे कायमचेच होते. मधली फट रुळांनी बुजली की रस्ता बंद. इंग्रज आला असता तर वळसा शोधला असता, जर्मन आला तर अडकेल, असा सगळा हिशोब.

लंडनकडे येणाऱ्या रस्त्यांवर १९४० च्या उन्हाळ्यात असे अडसर उभे राहिले, आणि दोनच महिन्यांत ज्यांनी ते उभारले त्याच सैन्याला ते नकोसे झाले. हे प्रकरण युद्धाच्या इतिहासात चार ओळींत उरकलं जातं, कारण आक्रमण झालंच नाही. मला ते त्याच कारणासाठी पाहावंसं वाटतं. निकाल लागला नसल्यामुळे इथे विजयाच्या किंवा पराभवाच्या आडोशाला कुणाला लपता येत नाही. समोर उरतो तो फक्त निर्णय, आणि तो घेताना हाताशी काय होतं ते.

हाताशी काय होतं

१० मे १९४० ला जर्मन फौजा हॉलंड, बेल्जियम आणि फ्रान्सवर चालून गेल्या. २० मे रोजी त्यांचे रणगाडे आबव्हिलजवळ समुद्रापर्यंत पोचले होते. दहा दिवस! पहिल्या महायुद्धात याच मुलखात काही मैलांसाठी महिनोन् महिने माणसं मेली होती, त्यामुळे या वेगानं लंडनमधल्या जुन्या सेनापतींची झोप उडाली. २६ मे ते ४ जून या काळात फ्रान्समधल्या डंकर्क बंदरातून ३,३८,२२६ सैनिक बोटींतून परत आणले गेले. माणसं आली, पण सामान तिकडेच राहिलं. सुमारे अडीच हजार तोफा आणि साठ हजारांहून जास्त वाहनं मागे टाकावी लागली. आता सगळ्या देशात मिळून रणगाडाविरोधी तोफा दोनशेच्या आत उरल्या होत्या.

फ्रान्सकडून घेतलेला धडा रस्त्यांचा होता. रणगाडा शेतातूनही जाऊ शकतो, पण त्याच्या मागून येणारं पेट्रोल, दारूगोळा, पायदळाच्या लॉऱ्या यांना रस्ताच लागतो. फ्रान्समध्ये जर्मन तुकड्या पक्क्या रस्त्यांवरून सुसाट गेल्या. त्याच रस्त्यांवर घरदार सोडून निघालेले लाखो निर्वासित, आणि त्या गर्दीत फ्रेंच फौज अडकून पडलेली. म्हणून ब्रिटिश सरकारनं जूनमध्ये घरोघरी पत्रक वाटलं, त्यातला मुख्य आदेश एकच: शत्रू आला तर आहात तिथेच थांबा. रस्त्यावर येऊ नका.

लंडनची अडचण आणखी वेगळी होती. विसाव्या-तिसाव्या दशकांत शहराबाहेर नवे, रुंद, सरळसोट रस्ते बांधले गेले होते. ग्रेट वेस्ट रोड १९२५ मध्ये सुरू झाला, किंग्स्टनचा बायपास १९२७ मध्ये. मोटारींच्या युगाचं कौतुक म्हणून बांधलेले हे रस्ते आता धावपट्ट्यांसारखे दिसू लागले. मालवाहू विमान किंवा ग्लायडर त्यावर उतरू शकतं, हे हॉलंडमध्ये जर्मनांनी विमानांतून सैनिक उतरवल्यानंतर कुणाला समजावून सांगावं लागत नव्हतं. डोव्हरपासून लंडन म्हणाल तर सव्वाशे किलोमीटरच्या आत.

आयर्नसाइडची आखणी

२७ मे रोजी मायदेशातल्या फौजांचं सरसेनापतीपद जनरल एडमंड आयर्नसाइड यांच्याकडे आलं. सहा फूट चार इंच उंचीचा हा माणूस, म्हणून लष्करात त्याला ‘टायनी’ म्हणत. इंग्रजांचा विनोद हा असा. आयर्नसाइडकडे अर्धवट शस्त्रांच्या, अर्धवट शिकलेल्या डिव्हिजन होत्या आणि त्यांना हलवायला पुरेशी वाहनं नव्हती. जे सैन्य हलू शकत नाही त्याचा उपयोग कसा करायचा? त्याचं उत्तर होतं: जमिनीलाच लढायला लावायचं.

२५ जूनला मांडलेल्या त्याच्या योजनेत किनाऱ्यावर पातळ कवच होतं, त्यामागे देशभर आडव्या-उभ्या ‘स्टॉप लाइन’ म्हणजे अडवणुकीच्या रेषा होत्या, आणि त्यातली सर्वांत महत्त्वाची जीएचक्यू लाइन (म्हणजे लष्करी मुख्यालयाची रेषा) ब्रिस्टलच्या बाजूनं निघून लंडनच्या दक्षिणेकडून वळत, एसेक्समधून उत्तरेकडे यॉर्कशायरपर्यंत जात होती. गावोगावच्या रस्त्यांवरचे अडसर हा योजनेचा तिसरा भाग. शत्रूची एखादी तुकडी फट शोधून आत शिरली, तर फ्रान्स-बेल्जियममध्ये झालं तसं तिला मोकाट सुटून देशाची आतडी बाहेर काढू द्यायची नाहीत, असा आयर्नसाइडचा रोखठोक हेतू होता. अडसरांनी शत्रू थांबेल असं त्यानं म्हटलेलं नाही. तो रखडेल, एवढंच. पुढे जो घोळ झाला तो बराचसा या दोन क्रियापदांमधल्या अंतरात झाला.

लंडनभोवती रेषांची कडीच होती. सर्वांत बाहेरची लाइन ए, तिच्या आत लाइन बी, मग लाइन सी, आणि मधोमध सरकारी कचेऱ्यांचा गाभा, त्याला ‘इनर कीप’ म्हणजे बालेकिल्ला असं नाव. बाहेरच्या कड्यात नद्यांचा उपयोग केला होता. नदी नसेल तिथे यंत्रांनी खंदक खणला. सहा मीटरपर्यंत रुंद, साडेतीन मीटरपर्यंत खोल. उत्तरेला पॉटर्स बार, कफली, नेझिंग, एपिंग, लॉटन या बाजूला तो सगळ्यात नेटका झाला. रेषा रस्त्याला छेदत असे तिथे खंदक थांबवावाच लागे, कारण रस्ता आपल्यालाही हवा होता. तिथे मग अडसर, आणि अडसरावर नजर ठेवणारा पिलबॉक्स.

पिलबॉक्सचा उल्लेख आलाच आहे तर थोडं थांबू. हे काँक्रीटचे छोटे मोर्चे युद्धखात्यानं ठरवून दिलेल्या नमुन्यांवर बांधले जात. नमुना २२ म्हणजे सारख्या बाजूंचा षट्कोन. नमुना २४ त्याच घराण्यातला, पण मागची बाजू लांब आणि तिच्यात दार. भिंत साधी असेल तर फूटभर, तीत बंदुकीची गोळी अडते. तोफगोळा अडवायचा तर साडेतीन फूट. साचा लाकडी फळ्यांचा, पण लाकूड कमी पडलं की विटांच्या भिंतीलाच साचा म्हणून वापरायचं आणि ती तशीच ठेवून द्यायची, म्हणून पुष्कळ पिलबॉक्स बाहेरून विटांच्या खोलीसारखे दिसतात. आत शिरलं की अंधार, डोक्याला लागेल असं छत, आणि बंदुकीच्या फटींतून येणारे उजेडाचे पट्टे. त्या फटीतून रस्त्याचा जेवढा तुकडा दिसतो तेवढंच तिथल्या शिपायाचं युद्धक्षेत्र. मागे काय चाललंय, बाजूचा मोर्चा पडला की आहे, हे त्याला कळायची सोय नाही. देशभर असे सुमारे २८ हजार मोर्चे आणि पक्की ठाणी बांधली गेली, बहुतेक काही महिन्यांच्या काळात, खाजगी कंत्राटदारांकडून, इंजिनीअर दलाच्या देखरेखीखाली. पार्लमेंट स्क्वेअरमधल्या एका पिलबॉक्सला तर पुस्तकं-वर्तमानपत्रं विकणाऱ्या स्टॉलचं सोंग दिलं होतं.

गाडी, पिंप, झाडाचा बुंधा

रुळांचे अडसर हा शहाणा, शिकलेला प्रकार झाला. मेच्या अखेरीस आणि जूनमध्ये जे सुरू झालं ते त्याच्या कितीतरी आधीचं आणि कितीतरी रांगडं होतं. युद्धमंत्री अँथनी ईडन यांनी १४ मे रोजी रेडिओवरून स्थानिक स्वयंसेवकांना हाक दिली. पहिल्या आठवड्यात अडीच लाख नावं आली, जुलै संपता संपता आकडा पंधरा लाखांच्या घरात गेला. २२ जुलैला या दलाचं नाव ‘होमगार्ड’ झालं. (आपल्याकडे गणपतीच्या बंदोबस्तात दिसणाऱ्या होमगार्डचं नाव इथलंच; मुंबई प्रांतात ते दल डिसेंबर १९४६ मध्ये दंगलींच्या काळात उभं राहिलं.)

या स्वयंसेवकांकडे सुरुवातीला गणवेश नव्हता, बंदुका थोड्या होत्या, आणि करायला काहीतरी हवं होतं. रस्ता अडवणं हे काम त्यांना जमण्यासारखं होतं. मग शेतातल्या गाड्या, दगडांनी भरलेली पिंपं, झाडांचे बुंधे, मोडक्या मोटारी, नांगर, जे मिळेल ते रस्त्यावर आलं. गावागणिक एक, कधी दोन. शेजारच्या गावाचा अडसर कुठे आहे हे या गावाला ठाऊक असेलच असं नाही.

लष्कराची अडसराविषयीची शिकवण खरं तर स्पष्ट होती. तो वळणाच्या लगेच पलीकडे हवा, म्हणजे गाडी जवळ आल्यावरच दिसेल. दोन्ही बाजूंना घरं, दाट झाडी किंवा चढ हवा, म्हणजे शेतातून वळसा घेता येणार नाही. आणि कुणीतरी त्याच्यावर गोळी झाडू शकेल अशी जागा हवी. ज्यावर मारा होत नाही तो अडसर म्हणजे नुसता ओझं हलवायचा कार्यक्रम. यातली शेवटची अट सर्वांत जास्त वेळा विसरली गेली. मोकळ्या माळावर, दोन्हीकडे सपाट कुरण, मध्ये रस्ता, आणि रस्त्यावर एकटी उलटी बैलगाडी असं दृश्य असेल तर रणगाडा काय करेल?

रात्री परिस्थिती बिकट. दिवे बंद ठेवण्याचा सक्त हुकूम असल्यामुळे मोटारी जवळपास आंधळ्या चालत. त्यात मे अखेरच्या आदेशानं चौकाचौकांतल्या दिशादर्शक पाट्या काढलेल्या, मैलाचे दगड उपटलेले किंवा अक्षरं पुसलेले, स्टेशनांची नावं झाकलेली. छत्रीनं उतरलेल्या जर्मनाला आपण कुठे आहोत ते कळू नये म्हणून. तो जर्मन काही उतरला नाही. वाट चुकले ते इंग्रज लॉरीवाले, डॉक्टर आणि नव्या जागी पाठवलेल्या पलटणी. अंधारातून एकदम ‘थांबा’ अशी आरोळी येई आणि इंजिनाच्या आवाजात ती ऐकू न आलेला माणूस पुढे जाई. २ ते ३ जूनच्या रात्रीत स्वयंसेवकांच्या गोळ्यांनी वेगवेगळ्या ठिकाणी चार मोटारचालक मेले. जर्मन सैनिक इंग्लंडच्या भूमीवर पाऊल ठेवण्याआधी अडसरांचे बळी गेले ते हे.

या स्वयंसेवकांना हसणं सोपं आहे. पण मला त्यांच्यापेक्षा वरच्या कचेऱ्यांचं आश्चर्य वाटतं. कोणता रस्ता लष्कराच्या हालचालीसाठी मोकळा ठेवायचा, याची यादी आधी करायची असते आणि अडसर नंतर उभारायचे असतात. इथे अडसर आधी झाले.

बसगाड्यांचा प्रश्न

आयर्नसाइडच्या योजनेवर पहिला हल्ला जर्मनांनी केला नाही, लंडनमधल्याच उपसेनाप्रमुखांनी केला. योजना मांडली त्याच्या दुसऱ्याच दिवशी त्यांनी शंका काढली की खरा प्रतिकार सुरू होईपर्यंत निम्मा देश शत्रूच्या ताब्यात गेलेला असेल. टीका थोडी अन्यायाची होती, कारण किनारा सोडून द्या असं आयर्नसाइडनं कुठेच म्हटलं नव्हतं. पण नकाशावर देशाच्या पोटातून जाणारी जाड रेषा पाहिली की डोळे तिथेच खिळतात.

२ जुलैला पंतप्रधान चर्चिल ब्रायटनला गेले. तिथल्या किनाऱ्यावर बर्नार्ड माँटगोमेरी आपल्या तिसऱ्या डिव्हिजनसह होता. ही देशातली सर्वांत सुसज्ज डिव्हिजन, आणि ती मोर्चे खणत किनाऱ्याला खिळून बसलेली. माँटगोमेरीनं तक्रार केली: माझे लोक शिकलेले आहेत, पण त्यांना हलवायला वाहनं नाहीत; हजारो बसगाड्या रस्त्यांवर फिरताहेत, त्या मला द्या. चर्चिलनी दुसऱ्याच दिवशी युद्धखात्याला चिठ्ठी पाठवली. ब्रायटनच्या समुद्रकाठी सहलीच्या बसगाड्या अजून फिरताना त्यांनी स्वतः पाहिल्या होत्या.

हा प्रसंग लंडनपासून सुमारे ऐंशी किलोमीटर दूर घडला, पण या प्रकरणाची किल्ली मला इथेच सापडते. बसगाडी दोन प्रकारे वापरता येते. ती मैदानात किंवा रस्त्यात आडवी उभी केली की अडथळा होतो. जुन्या बसगाड्या तशा वापरल्याही गेल्या. किंवा तिच्यात तीस-चाळीस शिपाई बसवून जिथे शत्रू उतरलाय तिथे तासाभरात पोचवता येतं. पहिल्या वापराला रस्ता बंद लागतो, दुसऱ्याला उघडा. दोन्ही एकाच वेळी एकाच रस्त्यावर होत नाही. जूनमध्ये शिपाई हलवणं शक्यच नव्हतं, म्हणून पहिला वापर शहाणपणाचा ठरत होता. जुलैत कारखान्यांतून तोफा येऊ लागल्या, अमेरिकेहून पाच लाख रायफली आल्या, वाहनं गोळा झाली, आणि तोच अडसर पायातली बेडी वाटू लागला.

२० जुलैला आयर्नसाइडला बाजूला करून जनरल ॲलन ब्रुक सरसेनापती झाला. मेच्या लढाईत त्यानं फ्रान्समधून आपलं सैन्यदळ मागे आणलं होतं, आणि स्थिर रेषा वेगवान शत्रूपुढे कशी फाटते ते पाहिलं होतं. त्यानं आल्या आल्या आतल्या रेषांचं काम थांबवलं. खंदक खणणारी यंत्रं अर्ध्या वाटेवर उभी राहिली. नवे अडसर बंद झाले, महत्त्वाच्या मार्गांवरचे मोकळे केले गेले. त्याचं गणित असं: किनाऱ्यावर हलका पहारा, मागे चालत्या-फिरत्या राखीव फौजा, आणि शत्रू उतरल्या उतरल्या, पाय रोवायच्या आत त्याच्यावर तुटून पडायचं. त्याला रस्ते हवे होते.

लंडनपुरतं बोलायचं तर जर्मन आखणीनंही आयर्नसाइडच्या कड्यांची फारशी कदर केलेली नव्हती. १६ जुलैच्या हुकुमानंतर त्यांच्या सैन्याधिकाऱ्यांनी जो बेत केला त्यात दक्षिण किनाऱ्यावर उतरून, पुढे वेगवान तुकड्यांनी लंडनला पश्चिमेकडून वळसा घालायचा आणि शहराला बाकी देशापासून तोडायचं असं होतं. कडं गोल असल्यामुळे त्याला पश्चिम बाजूही होती, हे खरं. पण जे शहर बाहेरून तोडायचं आहे त्याच्या दारांचे अडसर शत्रूच्या फायद्याचेच.

७ सप्टेंबर

अडसरांची खरी परीक्षा झालीच नाही म्हणतात. माझ्या मते एका रात्री ती थोडीफार झाली.

शनिवार, ७ सप्टेंबर १९४०. दुपारी उशिरा जर्मन विमानांचे थवे लंडनच्या पूर्वेकडच्या गोद्यांवर आले आणि ब्लिट्झ म्हणजे लंडनवरचं बॉम्बहल्ल्यांचं सत्र सुरू झालं, ते पुढे सलग ५७ रात्री चाललं. गोदामं पेटली. बाहेरच्या भागांतून आगीचे बंब लंडनच्या दिशेनं निघाले. त्याच संध्याकाळी आठ वाजून सात मिनिटांनी लष्करी मुख्यालयानं ‘क्रॉमवेल’ हा सांकेतिक शब्द सोडला. त्याचा अर्थ होता: आक्रमणाला अनुकूल परिस्थिती आहे, फौजांनी लढाईच्या जागा घ्याव्यात. पण खाली पोचेपर्यंत अनेक ठिकाणी त्याचा अर्थ झाला: आले! जूनपासून मुक्या ठेवलेल्या चर्चच्या घंटा काही गावांत वाजल्या. होमगार्डनी अडसर बंद केले. काही पूलही उडवले गेले.

म्हणजे एकाच रात्री राजधानी जळत होती, तिच्याकडे मदत धावत होती, आणि तिच्या भोवतालच्या मुलखात रस्ते मिटत होते. मुख्यालयानं लगेच सूचनांमध्ये मधल्या पायऱ्या घातल्या, म्हणजे ‘सावध’ आणि ‘आले’ यांत पुन्हा गल्लत होऊ नये. दहा दिवसांनी, १७ सप्टेंबरला, हिटलरनं आक्रमण बेमुदत पुढे ढकललं. लंडनमध्ये ते तेव्हा कुणाला ठाऊक नव्हतं, त्यामुळे पहारे तसेच चालू राहिले.

पुढच्या वर्षी विचार बदलला तो रेषांकडून गाठींकडे. सगळा देश आडव्या रेषांनी बांधण्यापेक्षा जिथे चार रस्ते एकत्र येतात ती गावं निवडायची, त्यांना चारही बाजूंनी लढता येईल असं करायचं आणि होमगार्डच्या स्वाधीन करायचं. सह्याद्रीत वाढलेल्या माणसाला यात नवल वाटणार नाही. घाट कुठला राखायचा आणि कुठली वाट सोडून द्यायची, हे आपल्याकडे गडकऱ्यांचं रोजचं काम होतं. अडसर या व्यवस्थेतही राहिले, पण आता त्यांना जागा, पहारा आणि उघडण्या-मिटण्याचा हुकूम कुणी द्यायचा हे ठरलेलं होतं. काही ठिकाणी त्यांच्याजवळ उतारात पेट्रोलच्या मिश्रणाची पिंपं पुरून ठेवली गेली. अडकलेल्या गाड्यांवर दुरून पेटता फवारा सोडायचा, असा त्यांचा बेत.

३ डिसेंबर १९४४ रोजी होमगार्डला निरोप दिला गेला. रस्त्यावरचे अडसर सगळ्यात आधी गेले, कारण ते रहदारीत येत होते. खाचा डांबराखाली बुजल्या. शेतातले पिलबॉक्स मात्र पाडायला महाग, म्हणून राहिले. कुणी त्यात अवजारं ठेवतं, कुठे वटवाघळांची वस्ती आहे. १९९५ ते २००२ या काळात स्वयंसेवकांनी देशभर हिंडून अशा जवळजवळ वीस हजार लष्करी जागांची नोंद केली. लंडनच्या बाहेरच्या कड्याच्या आसपासूनच पुढे एम-२५ हा वर्तुळाकार महामार्ग गेला. तो १९८६ मध्ये पूर्ण झाला, लांबी १८८ किलोमीटर. एपिंगच्या बाजूला त्याच्या जवळपास, झाडीत, गवतानं भरलेला एक लांबट खळगा अजून दिसतो, आणि संध्याकाळी साडेपाचच्या सुमारास पलीकडे आठ पदरी रस्त्यावर गाड्या जागच्या जागी उभ्या असतात.